सीझनला गेलेली माणसं

पेडणे तालुक्याच्या किनारी गावांत नवं वर्ष दोनदा लागतं. पाडव्याला एकदा, ते पंचांगात. दुसरं लागतं पेडण्याची पुनव उरकली की. कोजागरीची ती जत्रा झाली की हरमल, मांद्रे, मोरजीच्या वाळूत शॅकांचे, म्हणजे पर्यटकांसाठीच्या झोपडीवजा खानावळींचे, बांबू उभे राहायला लागतात, भाड्याच्या खोल्यांना चुना लागतो, आणि माणसं एकमेकांना ‘बरं आहे ना?’ न विचारता ‘यंदा सीझन कसा दिसतो?’ विचारतात. मे सरता सरता सगळं उतरवायचं, ताडपत्र्या बांधून ठेवायच्या, आणि चार महिने पाऊस, शेत, भजन आणि उधाऱ्यांचा हिशेब.

अशा गावात वाढलेल्या मुलीने हॉटेल मॅनेजमेंट करावं आणि पहिली नोकरी दुसऱ्या एखाद्या सीझनच्या गावात धरावी, यात नवल नव्हतं. नवल गावाचं होतं. गुलमर्ग. समुद्रसपाटीपासून साधारण २,६५० मीटर. आमच्या घरी समुद्रसपाटी म्हणजे मागच्या दारातून दिसते ती.

बाबांनी पगार विचारला. आईने विचारलं, “थंय कितें जेवतलें गो तूं?” आणि उत्तराची वाट न बघता बॅगेत उकडे तांदूळ, सुकी सुंगटं, सोलं आणि खोबरेल तेलाची बाटली भरली. खरी माहिती मिळाली ती हरमलच्या रस्त्यावर शाली आणि कागदी लगद्याचे डबे विकणाऱ्या चाचांकडून. ते बारामुल्ला जिल्ह्यातले, म्हणजे गुलमर्ग ज्या जिल्ह्यात येतं तिथलेच. कित्येक वर्षं ऑक्टोबरला गोव्यात येतात आणि पावसाआधी परततात. मी त्यांच्याकडे निघाले आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान, काश्मीरची सगळ्यात कडक थंडी. ती चुकवायला हा माणूस देशाचं दुसरं टोक गाठतो, आणि त्याच्याच दुकानासमोर राहणारी मुलगी तिकडे पगारावर चालली आहे! मोजे एकावर एक चढवू नकोस, पाय घट्ट आवळले की उलट गारठतात, एवढं मात्र त्यांनी बजावून सांगितलं.

तिथे पोचल्यावर पहिला झटका बर्फाने दिला नाही, तांदळाने दिला. एवढ्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उकडा तांदूळ आमच्याकडेच वेळ घेतो. तिथे तो उघड्या टोपात दुपारभर खदखदत राहिला आणि तरी दाताखाली कचकचला. शेवटी कुकर विकत घेतला. खोबरेल तेलाचं तर विचारूच नका. मांद्र्यात डिसेंबरच्या पहाटे बाटलीच्या तळाशी जरा साका धरला की आई ‘थंडी पडली’ म्हणून जाहीर करते. गुलमर्गला ती बाटली जी दगड झाली ती मार्चपर्यंत. बुखारीजवळ, म्हणजे तिथल्या लोखंडी शेगडीजवळ, ठेवावी तर कुणीतरी हमखास लाथाडायचं. रात्री नळ पूर्ण बंद करायचा नाही, बारीक धार चालू ठेवायची, नाहीतर सकाळी पाइपात बर्फ. पाणी वाया घालवू नका असं ऐकत मोठी झालेल्या मला त्या धारेच्या आवाजात झोप यायला बरेच दिवस लागले. खोली हॉटेलच्या मागच्या अंगाला, तिघींत एक. खिडकीतून अफरवत, म्हणजे तिथला बर्फाचा डोंगर, नाही, जनरेटर दिसायचा. पाहुणे रिसेप्शनवर म्हणायचे, “तुम्ही किती नशीबवान, इथे राहता!” हे वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. गोव्यातही हेच म्हणतात, आणि तिथेही म्हणणाऱ्याची खोली समुद्राकडे तोंड करून असते.

तो २०२४ चा जानेवारी होता. त्या हिवाळ्याचं ज्यांना आठवतं त्यांना आठवेल: गुलमर्गात बर्फच नव्हता. काश्मीरचा बर्फ येतो पश्चिमी झंझावातांबरोबर, पार भूमध्य समुद्राकडून निघालेल्या हवेबरोबर, आणि त्या वर्षी ते फिरकलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. कुरणं तपकिरी. पाहुणे त्या कुरणांचेच फोटो काढून घरी पाठवायचे आणि मग खाली येऊन माझ्याशी भांडायचे. सीझनच्या गावात रिसेप्शनवर बसलेली व्यक्ती हवामानाला जबाबदार असते, हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. आमच्याकडे जुलैत येऊन लोक विचारतात, समुद्रात उतरू नका सांगणारा लाल झेंडा कधी काढणार? तिथे विचारायचे, बर्फ कधी सोडणार? आणि बर्फ आला की पुढचा प्रश्न तयार: फेज टू चालू आहे का? गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, दुसरा अफरवतच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर. वर वारं सुटलं की दुसरा टप्पा बंद. तो मी बंद केलेला नाही, हे मी हिंदी, इंग्रजी आणि मराठीत सांगितलं. मराठी पाहुण्यांना तर विशेष राग यायचा, आपल्या माणसानेही नाही म्हणावं म्हणून.

किचनमध्ये मात्र कुणी बुकिंगबद्दल बोलत नव्हतं. आमचा आचारी खालच्या तंगमर्गचा. तो म्हणायचा, पाहुणे फेब्रुवारीतही येतील, पण आत्ता बर्फ साठला नाही तर उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी कुठून, आणि सफरचंदाच्या बागेला काय? बर्फ ही त्यांची पाण्याची कोठी. मिरग लांबला की माझे आजोबा पडवीत बसून आभाळाकडे बघायचे, तीच त्याची नजर. पर्यटक ज्याला मौज म्हणतो त्याचा गावाशी असलेला व्यवहार वेगळाच असतो, आणि तो बहुधा किचनमध्येच कळतो.

जानेवारीच्या अगदी शेवटी बर्फ पडला, आणि मग उसंत कुणाला? २१ ते २५ फेब्रुवारीला ‘खेलो इंडिया’चे हिवाळी खेळ तिथेच झाले. खोल्या भरल्या, गलरीत बुटांच्या रांगा लागल्या. त्याच दिवसांत, २२ तारखेला, कोंगडूरीच्या बाजूला हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीअर गेला. दुपारी बातमी आली तेव्हा लॉबीत कुणीतरी कहवा मागत होतं. मी कहवा दिला. समुद्राने कुणाला ओढून नेलं त्या संध्याकाळीही आमच्या शॅकांवर गाणी वाजतात. बाहेरच्याला हे निर्दय वाटतं. मला नाही वाटत.

स्कीइंग? शिकले, थोडंसं, दुपारच्या मोकळ्या वेळात. तंगमर्गचा एक पोरगा, माझ्याहून लहान, मास्तर. स्कीचे बूट घोट्याला असे जखडतात की पाय सरळ उभाच राहू देत नाहीत, माणूस कायम नमस्काराला वाकल्यासारखा पुढे. “पिझ्झा, पिझ्झा!” मास्तर ओरडायचा. पायातल्या स्कीच्या पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, मागची फाकवलेली, म्हणजे वेग मरतो. दोन्ही पट्ट्या समांतर झाल्या की सुटलात. पडल्यावर उठायची रीत वेगळी: आधी पट्ट्या उताराला आडव्या करायच्या, मगच अंग उचलायचं, उताराच्या दिशेला ठेवून उठलात तर उठता उठता पुन्हा निघालात. त्या पोराला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. लहानपणी लाकडी फळ्यांवर घसरत शिकलेला. याचा मात्र मला हेवा वाटला. आमच्या गावात समुद्रावर जगणारी कितीतरी माणसं आहेत, पण गंमत म्हणून पोहायला उतरणारी हातावर मोजण्याइतकी, आणि बायका तर जवळपास नाहीतच. माझ्या आईने समुद्राचं पाणी गुडघ्याच्या वर कधी येऊ दिलेलं नाही. परत आल्यावर चाचांना विचारलं, तुम्ही कधी स्कीइंग केलंत? नाही. मग इथे समुद्रात? ते म्हणाले, “दुकान कोण बघणार?”

मी शिगम्याच्या सुमाराला परतले. तेव्हापासून शॅकवर गेले की माझं लक्ष मागे जातं: पोरं झोपतात कुठे, टाकी केवढी, पंखा आहे का. आमच्याकडची बरीचशी पोरं नेपाळ, हिमाचल, उत्तराखंडची. मेच्या अखेरीस शॅक उतरवून ती मनालीला, लेहला निघतात आणि ऑक्टोबरला पुन्हा हजर. वर्षाला दोन सीझन, गोव्यातला पावसाळा एकही नाही. आमच्या शेजारच्या शॅकवरच्या एकाला मी गुलमर्गला होते हे कळलं, तसा तो ग्लास पुसत पुसत जवळ आला. बर्फ कसा असतो, अफरवतवरून काय दिसतं, असलं काही त्याने विचारलं नाही. “टिप वेगळी मिळते की सगळ्यांत वाटतात?” वाटतात, म्हटलं. “आणि खोलीत किती जण?” तिघं. त्याने जरा विचार केला आणि मॅनेजरचा नंबर मागितला.