हलशीचा ताम्रपट आणि नाहीसा झालेला पंथ

खानापूरहून नंदगडमार्गे हलशीला पोचलो. इथं बहुतेक जण येतात ते भूवराह नरसिंहाच्या देवळासाठी. समोरासमोर दोन गाभारे असलेलं हे 12 व्या शतकातलं देऊळ खरोखर देखणं आहे. मला मात्र ओढ होती ती त्याच्याही कितीतरी आधीच्या हलशीची, म्हणजे कदंबांच्या पलाशिकेची.

5 व्या शतकात कदंब राजा मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ इथं जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं आणि 33 निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) जमीन दान दिली. कुणाला? यापनीय, निर्ग्रंथ (म्हणजे दिगंबर) आणि कूर्चक, जैनांच्या या तिन्ही पंथांना. हलशीच्या ताम्रपटात ही नावं शेजारी शेजारी आहेत. कदंबांच्याच देवगिरी ताम्रपटात तर भावाभावांतल्या वाटणीसारखे एका गावाचे तीन वाटे आहेत: एक अर्हंताचा, म्हणजे जिनदेवाचा, एक श्वेतपटांचा, म्हणजे श्वेतांबरांचा, एक निर्ग्रंथांचा. संघ फुटलेला होता, पण राजानं कुणालाही उपाशी ठेवलं नाही.

यातले यापनीय मला फार जवळचे वाटतात. त्यांचे साधू दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला याच जन्मी मोक्ष मिळतो, हे मत श्वेतांबरांचं. 9 व्या शतकात शाकटायन या यापनीय आचार्यानं हे मत मांडायला स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दोन टोकांच्या मधे उभा राहिलेला हा पंथ पुढे दिगंबरांत विरून गेला. आपल्या सदलग्याचे जैन साहित्याचे अभ्यासक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी त्याचा माग काढला, नाहीतर नावही कानावर आलं नसतं. फुटीबद्दल सगळे हळहळतात. मला हे विरून जाणं जास्त लागतं, कारण माणसं राहिली आणि त्यांचं म्हणणं तेवढं गेलं.

परतताना बेळगावच्या दोड्ड बसदीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, गेलो. इथली नेमिनाथ तीर्थंकरांची मूर्ती मूळची यापनीयांची, आज तिची पूजा दिगंबर करतात. दर्शनाला आलेल्या एका आजींशी बोलणं निघालं.

"आजी, बाईला मोक्ष मिळतो का हो?"

"ह्या जन्मी न्हाई बाळा. पुरुषाचा जन्म घ्यायचा, मग दीक्षा, मग पुढचं."

"ही मूर्ती ज्यांनी बसवली ते म्हणायचे, ह्याच जन्मी मिळतो."

आजी मूर्तीकडं बघतच राहिल्या. "मग ते गेले कुठं?"

"तुमच्यातच मिसळले."

"आणि हे आम्हाला कुणी सांगितलं न्हाई?" त्यांचा आवाज चढला होता. शाकटायनाचं सांगितलं, तर लगेच म्हणाल्या, "ते पुस्तक मराठीत हाय काय बघ. नातीला वाचायला लावते."