तुम्ही विचारलंत म्हणून: औषध घालूनही गोचिडी परत का येतात?

वळिवाचे दोन-चार पाऊस झाले की बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत कुत्रं पाळणाऱ्यांचा एकच प्रश्न सुरू होतो: "डॉक्टरांकडून औषध आणलं, अंगावर घातलं, आठ दिवस बरं होतं, पुन्हा कान गोचिडींनी भरले. औषध नकली का?"

बहुतेक वेळा औषध चांगलंच असतं. गोचिडी मात्र घरात असतात, आणि औषध पडतं फक्त कुत्र्यावर.

कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते: आधी सहा पायांचं बारीक पिल्लू असताना, मग आठ पायांची अर्धवट वाढलेली असताना आणि शेवटी पूर्ण वाढ झाल्यावर. पहिल्या दोन वेळा पोट भरलं की ती कुत्र्यावरून गळून पडते आणि कात टाकायला फटीत शिरते. मादी आठवडाभर रक्त पिऊन टम्म फुगते, खाली पडते आणि भिंत चढू लागते. चौकटीमागची फट, तुळईचं भोक, दगडांमधली दर्ज, कॅलेंडरची मागची बाजू अशा जागी ती अंडी घालते. एका मादीची अंडी चार हजारांपर्यंत जातात. उबदार हवेत अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो, आणि पूर्ण वाढलेली गोचीड कित्येक महिने उपाशी राहूनही जगते. आज कुत्र्यावर दहा दिसत असतील, तर सोप्यात आणि परड्यात त्याच्या कितीतरी पट आहेत असं समजूनच कामाला लागावं.

म्हणून सुरुवात भिंतीपासून, आणि तीही मृगाच्या आधी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे एकदा झड लागली की ना दर्जा भरता येतात, ना चुना वाळतो. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीच्या दर्जा पाऊण इंच खोल खरवडून काढा, ब्रशनं भुगा झाडा आणि भिंत नीट ओली करा. जांभा पाणी फार ओढतो. कोरड्या चिऱ्यावर माल लावला तर चिरा त्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि माल महिन्याभरात भुगा होऊन गळतो. एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली वाळू पुरे. आठवडाभर पाणी मारा.

मातीच्या भिंतीला मात्र सिमेंट लावू नका. ते मातीला धरत नाही. पापुद्रा सुटतो, मागं पोकळी राहते आणि त्या अंधाऱ्या, उबदार पोकळीत गोचिडींचं बिऱ्हाड थाटतं. तिथं भुसा घालून कुजवलेली मातीच लिंपायची, वर चुना. कळीचा चुना किलोला साधारण पाच लिटर पाण्यात विरवून एक दिवस ठेवावा, फडक्यातून गाळावा, थोडा डिंक घालून दोन हात द्यावेत. विरवताना चुना उकळतो आणि उडतो. डोळ्यांवर चष्मा हवा, मुलं आणि जनावरं लांब. चुन्यानं गोचीड हमखास मरते असं नाही. बारीक फटी बुजतात आणि पांढऱ्या भिंतीवर चढणारी गोचीड लगेच दिसते, एवढ्यासाठी तो द्यायचा.

फवारणीत जवळजवळ सगळे एकच चूक करतात: फरशी धुऊन काढतात आणि भिंतीचा वरचा भाग सोडून देतात. मादी तर वर चढते. चौकटींच्या कडा, छताचा कोपरा, फोटोंच्या मागं, खाटेचे सांधे, कुत्र्याच्या पेटीची खालची बाजू, परड्यातल्या लाकडांची रास, इथं औषध पोचायला हवं. डेल्टामेथ्रिनसारखं औषध वापरणार असाल तर बाटलीवर गोठ्यासाठी छापलेलं प्रमाणच घ्या. जास्त घातल्यानं जास्त मरत नाहीत. पाण्याची भांडी, कोंबड्या, माशांची टाकी आधी हलवा, आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत कुणाला आत सोडू नका. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारायचं. दुसरी फवारणी चुकली की पहिलीही वाया जाते. कुत्र्याचं गोणपाट आणि चादरी दर आठवड्याला कढत पाण्यातून काढाव्यात. फाटकं गोणपाट सरळ जाळावं.

आता कुत्र्याकडे. मानेवर थेंब टाकायचं फिप्रोनिल असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको, आणि थेंब केस बाजूला करून कातडीवर पडले पाहिजेत. अंगावर लावायचं साडेबारा टक्क्यांचं अमिट्राझ असेल तर लिटरभर पाण्यात २ ते ४ मिली, नेमकं किती ते डॉक्टरांनी सांगावं. आयत्या वेळी कालवावं, अंगावर वाळू द्यावं, चाटू देऊ नये. लहान पिल्लाला आणि मधुमेह असलेल्या कुत्र्याला ते चालत नाही. पोटातून द्यायच्या गोळ्या महिना किंवा तीन महिने पुरतात. पावसाळाभर औषधात खंड नको. पण गोळी दिल्यावरही गोचीड आधी चावते आणि मग मरते, त्यामुळे अंगावर एखादी दिसली म्हणून गोळी फुकट गेली असं समजू नका. अपस्माराचे झटके येत असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणखी एक: औषध दिलेल्या कुत्र्याला घरातच राहू द्या. घरातल्या भुकेल्या गोचिडी त्याच्यावर चढतात आणि मरतात. त्याला पाहुण्यांकडे पाठवलंत तर त्या फटीत वाट बघत बसतात.

निपाणी भागात तंबाखूचं पाणी लावायची जुनी सवय आहे. कृपा करून ती सोडा. निकोटिन कातडीतून आत जातं. लाळ, उलटी, थरथर सुरू होऊन कुत्रं दगावू शकतं. ऊस-सोयाबीनवरची फवारणीची औषधं तर त्याहून घातक. रॉकेलनं कातडी भाजते. गोचीड काढायला साधा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून पकडा, पीळ न देता सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. मुधोळसारख्या आखूड केसांच्या कुत्र्यात गोचीड चटकन दिसते. तरी कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी रोज हात फिरवावाच.

घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझ ही गोचिडींची औषधं तिच्यापासून लांब. कुत्र्याचं अंग वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका.

गुरांची गोचीड वेगळी. ती पिल्लू असल्यापासून पूर्ण वाढेपर्यंत, सुमारे तीन आठवडे, एकाच जनावरावर राहते, त्यामुळे तिथं जनावरावरचा इलाज जास्त लागू पडतो. पण म्हशीचं इंजेक्शन कुत्र्याला टोचायचं नाही. त्यातलं आयव्हरमेक्टिन काही जातींना सोसत नाही.

कुत्रं दोन वेळा जेवलं नाही, ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि प्लेटलेटचा (रक्त गोठवणाऱ्या पेशींचा) आकडा विचारा. गोचीडतापावर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण २८ दिवस द्यावं लागतं; पाचव्या दिवशी कुत्रं खेळायला लागलं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत.

दसऱ्याच्या आधी आपल्याकडे अंथरूण-पांघरूण धुऊन घर झाडायची रीत आहेच. भिंतींची दुसरी पाहणी त्याच दिवसांत उरका. पावसानं नव्या फुटलेल्या भेगा तेव्हा ओल्या कडांवरून ओळखू येतात.