काका, टाकू?

दुपारचे अडीच. स्कूटरची किल्ली वर विसरलो म्हणून खालून हाक मारली. पुतण्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आला. "काका, टाकू?" टाक म्हटलं. किल्ली आली, माझ्या बोटांना टाळी दिली आणि वॉचमनच्या खुर्चीखाली जाऊन पडली. वॉचमनची झोप मोडली नाही, एवढंच सुदैव. वरून आवाज आला, "काका, दोन हात!"

हे वाक्य माझं. म्हणजे मुळात अण्णांचं.

अण्णा आमच्या चाळीतले. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी आणि उजव्या गुडघ्याला बारमाही क्रेप बँडेज. मे महिन्यात चारच्या चहाआधी ते मोरीतलं धोपटणं घेऊन चौकात उतरायचे आणि आम्हा पोरांना रबरी बॉलचे झेल द्यायचे. उंच झेल कधीच नाहीत. सगळे फरशीवर आपटून घोट्यापाशी येणारे. फरशी ठिकठिकाणी उखडलेली, त्यामुळे बॉल कुठे उसळेल हे अण्णांनाही ठाऊक नसायचं. एका हाताने घेतलेला झेल ते मोजायचेच नाहीत. "तीर्थ घेताना डावा हात खाली असतो ना? मग इथे काय झालं?"

एकनाथ सोलकरचं नाव निघाल्याशिवाय त्यांची दुपार पुरी होत नसे. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, सत्तावीस कसोटीत त्रेपन्न झेल, तेही हेल्मेट न घालता बॅटच्या तोंडाशी उभं राहून. हे आकडे मला पाढ्यांच्या आधी पाठ होते. पाढ्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका.

मध्यंतरी रात्री झोप येत नव्हती, तेव्हा फोनवर अण्णा दिसले. म्हणजे रॉन वॉशिंग्टन. न्यू ऑर्लिन्सचा, बेसबॉलचा कोच, सत्तरीतला. बेसबॉल मला अर्धामुर्धाच कळतो, पण हे कळायला बेसबॉल लागत नव्हतं. समोर कोट्यवधी डॉलर मिळवणारा खेळाडू दोन्ही गुडघ्यांवर बसलेला. हातात नेहमीचा खोलगट ग्लोव्ह नाही, घावनासारखा चपटा, तळहाताएवढा. म्हातारा पाच-सात पावलांवरून बॉल असा टाकतो की टप्पा पडतो तो थेट ग्लोव्हच्या पुढ्यात. गुडघ्यांवर बसल्यामुळे पायांची लबाडी चालत नाही. ग्लोव्ह चपटा, त्यामुळे दुसरा हात मदतीला आला नाही तर बॉल निसटलाच. मग उजवीकडे, मग डावीकडे. मग उभं राहून, 'फंगो' नावाच्या लांब सडपातळ बॅटने मारलेले. रोज, मॅचच्या आधी. काल चार चुका केलेल्यालाही तेच आणि उत्तम क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लोव्ह' पुरस्कार मिळवलेल्यालाही तेच.

त्याचा स्वतःचा खेळ मात्र बेताचाच. 1970 साली कॅन्सस सिटी रॉयल्सने फ्लोरिडात काढलेल्या अकॅडमीत गेला. 1977 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून जेमतेम दहा मॅच, मग परत खालच्या लीगमध्ये. 1981 मध्ये मिनेसोटाने घेतलं तेव्हा एकोणतिशीला टेकलेला. शॉर्टस्टॉप, सेकंड बेस, सांगाल तिथे उभा. दहा हंगामांत मिळून 564 मॅच, वीस होम रन. आपल्याकडे अशा माणसाला 'उपयुक्त खेळाडू' म्हणतात आणि लगेच विसरतात.

पुढे ओकलंडच्या संघात तो इनफिल्डचा, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकांचा, कोच झाला. कोपर दुखावून बसलेल्या स्कॉट हॅटेबर्ग नावाच्या कॅचरला, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारख्याला, त्याने फर्स्ट बेसवर उभं राहायला शिकवलं. थर्ड बेसवरच्या एरिक चावेझला लागोपाठ सहा वर्षं गोल्ड ग्लोव्ह मिळाले. त्यातला 2004 चा त्याने वॉशिंग्टनला देऊन टाकला. वर लिहिलं होतं की तुझ्याशिवाय हे झालं नसतं. हे वाचलं आणि मी फोन उशीखाली ठेवला.

2011 ची सात मॅचांची फायनल मात्र मला सोसत नाही. वॉशिंग्टन टेक्सास रेंजर्सचा मॅनेजर. सहाव्या मॅचमध्ये अजिंक्यपदाला एक स्ट्राइक कमी, म्हणजे समोरच्या बॅटरचा आणखी एक बॉल हुकला की जिंकले. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा उजव्या कोपऱ्यातल्या नेल्सन क्रूझच्या डोक्यावरून बॉल गेला. आयुष्यभर लोकांना बॉल अडवायला शिकवलेला माणूस, आणि त्याचा डाव कुठे फिसकटावा, तर तिथे. सातवीही हरले. दहा वर्षांनी तो अटलांटाचा थर्ड बेस कोच होता. फायनलचा शेवटचा बॉल जमिनीवरून शॉर्टस्टॉप डॅन्सबी स्वॉन्सनकडे आला, त्याने तो फर्स्ट बेसवर फ्रेडी फ्रीमनकडे फेकला, आणि संपलं. दोघेही रोज त्याच्यासमोर उभे राहून बॉल घेणारे. 2023 च्या अखेरीस, एकाहत्तराव्या वर्षी, लॉस एंजेलिस एंजल्सने त्याला पुन्हा मॅनेजर केलं.

मी किल्ली उचलली. तिला जोडलेला प्लॅस्टिकचा गणपती फुटला होता. पुतण्या वरून विचारत होता, लागलं का?

अण्णांच्या गुडघ्याला काय झालं होतं, हे आमच्यापैकी कोणीच त्यांना कधी विचारलं नाही.