दीपप्रज्वलनानंतरची दहा मिनिटं

आमच्या मंडळाच्या वार्षिक बुद्धिबळ स्पर्धेत दीपप्रज्वलन, नारळ, शाल, स्वागतगीत सगळं यथासांग होतं. अध्यक्षांचं मनोगत पाच मिनिटांचं ठरलेलं असतं आणि बाराव्या मिनिटाला आटोपतं. त्याबद्दल इतकंच पुरे. वाट असते ती त्यानंतर माइक बाजूला सारून उभं राहणाऱ्या मुख्य पंचांची. गणिताचे निवृत्त शिक्षक. पोरंच काय, पालकही त्यांना सर म्हणतात. पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद, सहा फेऱ्या, हात लावलेली सोंगटी चालवायची, हे सगळं ते दोन मिनिटांत सांगून टाकतात. उरलेली आठ मिनिटं ते हरून दाखवतात.

समोर दहा-अकरा वर्षांची एखादी मुलगी बसवायची. सर आधी घड्याळ थांबवतात. मग तिच्याकडे बघून, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "सोडला डाव." मग हात पुढे करतात. नुसताच हात पुढे केला की समोरच्याला वाटतं बरोबरी मागतोय. तो हात मिळवतो आणि पंचांच्या टेबलाशी दोघं दोन वेगळे निकाल सांगतात. लहान गटातली निम्मी भांडणं इथलीच. हातही पूर्ण द्यायचा, बोटांची टोकं नव्हेत. आणि मात झाली असं वाटलं तरी घाई नको: राजाला घर आहे का, मध्ये काही घालता येतं का, शह देणारी सोंगटी मारता येते का, हे तिन्ही बघूनच हात. एकदा हात मिळवला की मागून कुणी "अरे, उंट मध्ये येत होता की!" म्हणालं, तरी आमच्याकडे निकाल बदलत नाही.

मग बाजू बदलून सर जिंकतात. जिंकून ते काहीच करत नाहीत, आणि दरवर्षी मंडळातल्या जुन्या माणसांचा घसा दाटतो तो इथे. मूठ वळायची नाही, आईकडे बघून अंगठा दाखवायचा नाही. शेजारच्या पटांवर घड्याळं चालू असतात. बसूनच बत्तीस सोंगट्या पुन्हा मांडायच्या, वजीर आपापल्या रंगाच्या घरात, मग उठायचं. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापुरात डिंग लिरेनला हरवून गुकेश जगज्जेता झाला, तेव्हा रडत रडतच त्यानं पट पुन्हा लावला, हे सांगताना सरांचाच आवाज जरा बदलतो. पुढच्या वर्षी जूनमध्ये नॉर्वेत त्याच गुकेशकडून हरल्यावर माजी जगज्जेत्या कार्लसननं टेबलावर मूठ आपटली, त्यावर मात्र ते पोरांना हसू देत नाहीत. "त्यानं लगेच माफी मागितली, जाताना पाठीवर थाप दिली. ते कुणी पाहिलं का?" असं विचारून थांबतात.

डाव संपलेला खेळाडू प्रेक्षक होतो, तेव्हा पटाभोवती घुटमळायचं नाही. निकालाची चिठ्ठी दोघांनी मिळून न्यायची, पट क्रमांक तपासून दोघांनी सही करायची. एक निकाल उलटा चढला तर स्विस पद्धतीत, म्हणजे सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावत जाताना, पुढच्या फेरीच्या कितीतरी जोड्या चुकतात आणि अख्खं सभागृह ताटकळतं. पोस्टमॉर्टेम, म्हणजे संपलेल्या डावाची चिरफाड, व्हरांड्यात, आणि तेही हरलेल्याची इच्छा असेल तरच. जिंकलेल्यानं "इथं तू काय बघितलंस?" एवढंच विचारावं, "इथंच तू संपलास" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. हरलेल्यानंही झोप झाली नव्हती, सर्दी होती, हे काढू नये. पालकांनी दारातच मोबाइलवर इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) उघडून चुका मोजू नयेत. आधी पाणी, मग पोहे, चाली लिहिलेली वही घरी गेल्यावर.

हे सगळं ऐकून, टाळ्या वाजवून, तिसऱ्या फेरीनंतर न सांगता निघून जाणारे असतातच. चौथ्या फेरीला कुणीतरी चिमुरडा रिकाम्या खुर्चीसमोर घड्याळ चालू करून बसलेला असतो. गुण मिळतो, खेळ नाही. जायचंच असेल तर टेबलाशी येऊन नाव काढायला अर्धं मिनिट लागतं. बक्षीस समारंभाला तर बक्षीसवाले आणि त्यांचे आईबाबा. गेल्या वर्षी ज्यांच्या मुलांचे चषकांसह फोटो फलकावर लावले, त्यातली यंदा किती घरं फिरकली हे लिहीत नाही. मोजलं मात्र आहे.

ज्यांच्यामुळे हे होतं ते राहायला नकोत. सभागृह उघडून देणाऱ्या मुख्याध्यापिका, बाकं हलवणारे दहावीचे विद्यार्थी, बारा पट आणि घड्याळं उसनी देणारं शेजारचं मंडळ, घड्याळांच्या सेल तपासणारे दोघे भाऊ, लॅपटॉपवर जोड्या लावणारी ताई आणि ऐनवेळी प्रिंटर दुरुस्त करणारा तिचा नवरा, अकरा किलो पोहे भिजवणाऱ्या मावशी व कांदे चिरणाऱ्या त्यांच्या जावा, चहावाले काका, मंडपवाले, ज्यांनी जास्तीच्या खुर्च्यांचे पैसे घेतले नाहीत, प्रमाणपत्रांवर सुवाच्य नावं घालणाऱ्या वाचनालयातल्या बाई. कुणी राहिलं असेल तर रागावू नये, सांगावं, पुढच्या वर्षी पहिलं नाव त्यांचं.

आणि हो, शाळेचे शिपाई मामा. सगळे गेल्यावर बाकांखाली बॅटरी मारत ते सोंगट्या शोधतात, पिशवीगणिक बत्तीस मोजतात. चाळीस पिशव्यांपैकी एकीत दरवर्षी एकतीसच भरतात, आणि जे हरवतं ते बहुतेक काळं प्यादंच असतं.