थोरला भाऊ आत गेला का?

शनिवार, रात्र

उद्या चर्चमध्ये द्यायचा संदेश, म्हणजे उपदेश, बायबलमधल्या लूक १५ वर आहे आणि शेवट अजून ठरत नाहीये. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला (धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन परदेशात उधळतो, डुकरं राखायची पाळी येते, मग घरी परततो) सगळ्यांना संडे स्कूलपासून पाठ असतो, त्यामुळे धाकटा परत आला, बाप धावत गेला, वासरू कापलं इथपर्यंत मंडळी माझ्या पुढेच पळत असते. मला अडवतो तो थोरला. शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, चिडतो, दाराबाहेरच थांबतो. बाप बाहेर येऊन समजूत घालतो आणि संपलं. गेला का आत? लूक काहीच सांगत नाही.

कारण अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात आहे. परूशी आणि शास्त्री, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपुढारी, कुरकुर करत असतात की हा येशू पापी लोकांना जवळ करतो, त्यांच्यासोबत जेवतो. म्हणजे त्यांच्या रूपाने थोरला भाऊ तिथेच समोर उभा राहून ऐकत होता, आणि गोष्टीचा शेवट त्याने करायचा होता. येशूने तो केला नाही. आम्ही उपदेशक मात्र हमखास करतो, शेवटची पाच मिनिटं "तर प्रियांनो, यातून आपण काय शिकतो" म्हणून तीन पॉइंट, जास्त प्रार्थना करा, क्षमा करा, अहंकार सोडा. कुठल्याही शास्त्रभागाला चिकटवता येतील असे ते पॉइंट असतात, हीच त्यांची अडचण आहे.

पण उघड बोलायचंच नाही असाही नियम करता येत नाही, कारण नाथान संदेष्टा आहे ना. २ शमुवेल १२. राजाने दुसऱ्याची बायको घेतलीय, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलंय, आणि त्या राजापुढे उभं राहून बोलायचंय. नाथान एका श्रीमंताने हिसकावून कापलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, चारच वचनांची. ती त्याच्या घासातला घास खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या उराशी झोपायची. श्रीमंत माणसाचं वर्णन जवळजवळ नाहीच, सगळा जीव त्या मेंढीवर, आणि समोर बसलेला माणूस कोण तर लहानपणी मेंढरं राखलेला दावीद! तो भडकतो, स्वतःच्याच तोंडाने शिक्षा सुनावतो, आणि मग नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. इथे हे बोलणं भागच होतं. दाविदाला गोष्ट कळली होती, ती आपलीच आहे हे कळलं नव्हतं. उलट लूक २० मध्ये येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला (मालकाच्या मुलालाच मारणाऱ्या कुळांचा) ऐकून शास्त्री आणि मुख्य याजकांना लगेच समजतं की हा आपल्यावरच बोलला, तिथे कोणाला बोट दाखवावं लागत नाही.

म्हणजे ऐकणारा कुठवर पोचलाय त्यावर आहे सगळं, आणि ते मला शनिवारी रात्री टेबलापाशी बसून कसं कळणार?

उत्तर आफ्रिकेतला बिशप संत ऑगस्टीन याने यावर नेमकं लिहून ठेवलंय, इ.स. ४२६ च्या सुमारास, म्हातारपणी. तो म्हणतो ऐकणाऱ्यांकडे बघत राहा, त्यांच्या हालचालीवरून कळतं की समजलंय की नाही, समजेपर्यंत तीच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगा आणि समजली की लगेच पुढे चला. शब्दन् शब्द पाठ करून आलेल्याला हे जमत नाही, असंही म्हणतो. त्याचा स्वतःचा एक प्रसंग त्यातच आहे. उत्तर आफ्रिकेतल्या कैसरियात दरवर्षी ठरलेल्या दिवसांत गावाचे दोन गट पडून दगडांनी मारामारी चालायची, बापलेक, भाऊभाऊ एकमेकांवर, माणसं मरायची. त्याविरुद्ध हा बोलला. लोकांनी जोरात दाद दिली, पण काही साधलंय असं त्याला तेव्हा वाटलं नाही, ते रडायला लागले तेव्हा वाटलं. आठ वर्षांनंतरही तिथे तो प्रकार परत झाला नव्हता, असं तो नोंदवतो. (त्या काळी चर्चमध्ये टाळ्या पडायच्या. त्याच काळातला नावाजलेला उपदेशक योहान ख्रिसोस्टोम याने टाळ्या वाजवू नका म्हणून उपदेश केला तर लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे "छान झाला हं संदेश" म्हणतात, तेच ते.)

एकोणिसाव्या शतकातला लंडनचा प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन पुलपिटवर छोटीशी आउटलाइनच न्यायचा, तीही बहुतेक शनिवारी संध्याकाळी केलेली. शॉर्टहँडवाले उतरवून घ्यायचे आणि सोमवारी बसून तो छपाईसाठी दुरुस्त करायचा. हे ऐकून आळशी लोक खूश होतात, पण त्या माणसाचं आठवडाभराचं वाचन कोणी मोजत नाही. आणि अठराव्या शतकातला फिरता उपदेशक व्हिटफील्ड याच्याबद्दल बेंजामिन फ्रँकलिनचं निरीक्षण मला जास्त टोचतं. फ्रँकलिनला त्याचा धर्मविचार काही पटलेला नव्हता, पण कान तयार होता, त्यामुळे नवा उपदेश कुठला आणि गावोगावी फिरून घासलेला कुठला हे त्याला ऐकूनच ओळखू यायचं, कारण जुन्यात आवाजाचा प्रत्येक चढउतार बसलेला असायचा. फिरत्या उपदेशकाला हा फायदा मिळतो. एकाच मंडळीपुढे दर रविवारी उभं राहणाऱ्याला नाही मिळत, मग निदान मोठ्याने म्हणून तरी बघावं. मी आज संदेश दोनदा मोठ्याने म्हटला, शेजारच्या खोलीतून "कोणाशी भांडतेयस" अशी विचारणा झाली.

म्हणताना एक गोष्ट हाताला लागली. थोरला म्हणतो "हा तुमचा मुलगा", बाप उत्तरात म्हणतो "हा तुझा भाऊ". या दोन्हींच्या मध्ये थांबायचं, समजावत बसायचं नाही. १२ व्या वचनात बापाने मालमत्ता दोघांनाही वाटून दिली होती, म्हणजे थोरल्याचा वाटा कधीच त्याच्याकडे आलेला आहे आणि तरी तो एका करडासाठी रुसलाय, हे ठेवायचं. डुकरं, परदेश, शेंगा यावरची दोन पानं काढली. चांगली होती पण धाकट्याची होती.

आणि शेवट? ३२ वं वचन, म्हणजे बापाचं तेच उत्तर, वाचायचं आणि बसायचं. समोर कोणाचाच चेहरा हलला नाही तर नाथानसारखं एक वाक्य तयार ठेवलंय, तेवढंच. समारोपाची प्रार्थना मात्र आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर काढून टाकलेले ते तीन पॉइंट "हे प्रभू, आम्हाला शिकव की" म्हणत डोळे मिटलेल्या मंडळीवर परत येतात.