दीडशे पानांचं लग्न आणि कोठीची किल्ली

कमी खर्चात घरच्या घरी लग्न उरकायचं ठरलं की पहिली कात्री फुलांवर आणि मांडवावर चालते. तिथे वाचतं ते थोडंच. खर्च खरा ठरतो तो पानं किती उठणार आणि कार्यालय किती तास ताब्यात राहणार यावर. बाकी सगळं त्यामागून येतं.

पानांचा आकडा पत्रिकांवरून काढू नका. ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलेल्या एका पत्रिकेवर दोन माणसं येतात, नाहीतर नऊ. वहीत घराऐवजी माणसांची नावं लिहा आणि आठ दिवस आधी दोन्हीकडच्या एकेकाने फोन करून खुणा करा. याद्या करतानाच व्याह्यांशी दोन्हीकडची पानं, मानपान आणि खर्चाची वाटणी कागदावर आणा. हा विषय नंतर काढला तर कडवटपणा येतो.

मुहूर्त दुपारी बारा-साडेबाराचा असला की एका जेवणात कार्य उरकतं. गोरज मुहूर्त घेतला की संध्याकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण आणि दिव्यांचा खर्च वाढतो. मोठ्या तिथींना कार्यालयं आधीच भरलेली असतात. गुरुजींकडून काढीव, म्हणजे नेहमीच्या तिथींबाहेरचा मुहूर्त घेतला तर मधल्या वारी भाड्यात घासाघीस होऊ शकते. आगाऊ रक्कम देण्याआधी एकच प्रश्न नीट विचारा: आमचा आचारी चालेल का? बऱ्याच ठिकाणी त्यांचाच केटरर घ्यावा लागतो आणि मग पुढचं सगळं गणित कोसळतं. वीज मीटरप्रमाणे की भाड्यात धरलेली, जनरेटरचं डिझेल, भांडी, साफसफाई, कर, हे सगळं धरून एकच आकडा लिहून घ्या.

आता मुख्य भाग. ताटामागे दर ठरवून केटरर लावण्याऐवजी आचारी मजुरीवर ठरवायचा आणि किराणा, भाजी, दूध आपण आणायचं. स्वयंपाक मात्र घरच्या बायकांवर टाकू नका. दीडशे माणसांचं रांधणं कसबाचं काम आहे, आणि त्या दिवशी त्यांनाही अक्षता टाकायच्या असतात. घरच्यांनी सांभाळायची ती कोठी, म्हणजे सामानाची खोली.

वरण-भात, मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, श्रीखंड, मठ्ठा एवढ्या जेवणाला दीडशे पानांसाठी साधारण असं लागतं: मसालेभाताला तांदूळ ८ किलो, साध्या भाताला ५, तूरडाळ साडेतीन किलो, पुऱ्यांची कणीक १२ किलो, बटाटे १५ किलो, कोरडी मटकी साडेचार किलो, काकडी ७ किलो, मठ्ठ्याला दही १२ लिटर, तेलाचा १५ किलोचा एक डबा, तूप २ किलो. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे आठ-दहा जार. आचाऱ्याची यादी यापेक्षा बरीच जड आली तर एकेक जिन्नस धरून विचारा. काही कमी पडलं तर नाव त्याचं जातं, म्हणून तो हात सैल ठेवतो.

गॅसही आधीच ठरवा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामाला वापरणं नियमात बसत नाही. १९ किलोचे व्यावसायिक दोन घ्या, एक चालू, एक राखीव.

श्रीखंड बाहेरून आणण्यापेक्षा चक्का आणून करणं परवडतं. माणशी १०० ग्रॅम धरलं तर १५ किलो लागतं, म्हणजे चक्का ८ किलो आणि साखर ७. चक्का विकत घेताना चिमूटभर चाखा. आंबट असेल तर साखर वाढवून तो सुधारत नाही, श्रीखंड फक्त पातळ होतं, कारण साखरेला पाणी सुटतं. साखर मिसळून तासभर ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा, म्हणजे गाठी राहत नाहीत. वेलची, जायफळ शेवटी. एप्रिल-मेमध्ये पातेलं बर्फात बसवून ठेवायलाच हवं, आणि ते पितळेचं नको, स्टीलचं घ्या. मटकीही हवामान पाहून: उन्हाळ्यात आदल्या सकाळी भिजवून संध्याकाळी फडक्यात बांधली की लग्नाच्या सकाळी मोड तयार, थंडीत एक दिवस आधी सुरुवात करावी लागते.

कोठीवर एकच माणूस बसवा, शक्यतो हिशोबी मावशी किंवा काका, आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे देऊ नका. वहीत जिन्नस, वजन आणि वेळ लिहूनच माल बाहेर जाईल. मसालेभाताचा तांदूळ दोन हप्त्यांत द्यायचा: आधी ८ किलोंपैकी ५, आणि उरलेले पहिल्या पंगतीची पानं मोजून. एकदा धुतलेले तांदूळ परत होत नाहीत. कणीकही अशीच, घाण्याघाण्याने मळायला द्या. वाण्याशी आधीच बोलून ठेवा की न फोडलेली पाकिटं तो परत घेईल. सुट्टा माल सहसा कुणी घेत नाही, म्हणून डाळ-साखर शक्य तितकी बंद पाकिटांत आणा.

वाढायचं कसं? माझं मत पंगतीच्या बाजूने आहे. बुफेत लोक श्रीखंड एकदाच भरपूर घेतात आणि अर्धं टाकतात. चाळीस पानांची पंगत साधारण चाळीस मिनिटांत उठते, चार पंगतींना पावणेतीन तास धरा. कार्यालयाची वेळ त्याच हिशोबाने मागायची. पंगतीला सहा-सात वाढपी हवेत. भाचे-पुतणे चालतात, पण प्रत्येकाला एकच पदार्थ ठरवून द्या, नाहीतर मीठ सगळे वाढतात आणि वरण कुणीच नाही.

गुरुजींची यादी पंधरा दिवस आधी मागा. चूक हमखास होते ती लाह्यांत: लाजाहोमाला साळीच्या लाह्या लागतात, ज्वारीच्या किंवा मक्याच्या नव्हे. अक्षतांना दोन-तीन किलो तांदूळ पुरतात. कुंकू पाण्यात न कालवता थोड्या तुपाच्या बोटांनी तांदळाला चोळा आणि सावलीत पसरा. ओल्या अक्षतांचे डाग रेशमी साड्यांवर राहतात. अंतरपाटाला पांढरं उपरणं पुरतं, मुंडावळ्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा, दोरे ऐन वेळी तुटतात. होम बंद वातानुकूलित सभागृहात करणार असाल तर धूर कुठून जाणार हे आधी पाहून या.

विवाह नोंदणीचा अर्ज लग्नाच्या दिवशी सोबत असू द्या. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते आणि ती ९० दिवसांत करायची असते. अर्जावर तीन साक्षीदारांची आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजी दक्षिणा घेऊन निघाले की पुन्हा गाठ पडेपर्यंत महिना जातो, म्हणून सही सप्तपदीनंतर लगेच घ्या, आणि पत्रिकेच्या दोन प्रती व वधूवरांचा एकत्र फोटो त्याच फाइलमध्ये ठेवा.