एक्सेल सेंटरमध्ये केट हाउईची आठवण

आज कामानिमित्त लंडनच्या एक्सेल सेंटरमध्ये होते. सगळीकडे स्टॉल, लॅपटॉप, गळ्यात पट्टे. मला मात्र २ ऑगस्ट २०१२ आठवत राहिला. ऑलिंपिकचं ज्युदो इथेच झालं होतं.

महिलांच्या ७८ किलो गटात ब्रिटनच्या जेमा गिबन्सकडून फारशी कुणाला अपेक्षा नव्हती. उपांत्य फेरीत तिने फ्रान्सच्या विश्वविजेत्या ऑड्रे चुमेओला हरवलं, वर पाहिलं आणि आईला हाक दिली. आई २००४ मध्ये ल्युकेमियाने गेली होती. ते दृश्य सगळ्यांना आठवतं. मला आठवते तिची प्रशिक्षक, केट हाउई.

चार ऑलिंपिक खेळलेली बाई! बार्सिलोनात कांस्य, सिडनीत रौप्य, १९९७ ला पॅरिसमध्ये विश्वविजेतेपद. ऑलिंपिक सुवर्ण तेवढं राहिलं. जेमाच्या आधी ब्रिटनला ज्युदोत ऑलिंपिक पदक मिळालं होतं ते सिडनीत, खुद्द केटचंच. मधली बारा वर्षं कोरडी. ती भरून काढणारी मुलगी तिच्याच हाताखाली तयार झाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अंतिम फेरीत जेमा अमेरिकेच्या कायला हॅरिसनकडून हरली. रौप्य. केटसारखंच.

निघताना त्या मोठ्या हॉलच्या दाराशी उगाच पाच मिनिटं थांबले.